रिवायंडिंगच्या दुकानातलं अर्धं टेबल

माझ्या मैत्रिणीच्या अब्बांचं जालन्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथे यायच्या. जुनी तार उपसायची, नवी भरायची, वार्निश मारायचं, वाळवायचं आणि मोटार परत पाठवायची, हे काम. दुकानात एकच लांबलचक टेबल होतं. उजव्या अर्ध्यावर अब्बा बसत. डावं अर्धं हंगामी कारागिराचं. गव्हा-हरभऱ्याचं पाणी सुरू झालं की मोटारी जळू लागत आणि मग कारागीर येई. एरवी त्या अर्ध्यावर रिकामे डबे, पंख्यांची पाती आणि अब्बांचा जेवणाचा डबा असायचा.

ते अर्धं टेबल दोन हजार सालाच्या आसपास आम्हाला मिळालं.

आम्ही दोघी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात एका बाकावर होतो. मी हसनाबादची, नवीन जालन्यात खोली घेऊन राहायचे. डिप्लोमा झाल्यावर मला स्टेशनजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचं काम लागलं. तिला काही लागलं नाही. म्हणजे तिला विचारत होते, पण परभणीला तिच्या बहिणीच्या रेडिमेड कपड्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसायला. ती म्हणायची, "डिप्लोमा करून मी फ्रॉकच्या घड्या घालू का?"

आमच्या डोक्यात मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड होते. मायक्रोकंट्रोलर म्हणजे चाळीस पायांची एक काळी चिप. तिच्यात कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम भरला की ती दिवे लावते, बटणं वाचते, पंखा चालू-बंद करते. प्रोजेक्ट करणाऱ्या मुलांची अडचण एकच असायची. प्रत्येक वेळी सगळं नव्यानं जोडायचं, तारांचा गुंता करायचा आणि प्रोजेक्ट जमा झाला की फेकून द्यायचा. आमची कल्पना अशी, की एकेका कामाचा वेगळा छोटा बोर्ड करायचा. खाली चिपचा, त्यावर दिव्यांचा, त्यावर बटणांचा. प्रत्येकाला खालून पिना आणि वरून त्या पिना बसतील असा सॉकेट. एकावर एक दाबले की झालं. सोल्डरिंग नाही, तारा नाहीत. आकार पत्त्याच्या पानाएवढा ठरवला, कारण तेवढ्या आकाराचे तांब्याचे तुकडे एका पत्र्यातून वाया न जाता निघत होते.

अब्बांना दाखवलं तर ते म्हणाले, "ये तो टिफिन हुआ. एक पे एक."

"हौ अब्बा, टिफिनच आहे," ती म्हणाली. तेव्हापासून दुकानात त्याला टिफिन हेच नाव पडलं.

अब्बांची अट सरळ होती. "बेटा, मोटरां आना शुरू हुए तो टेबल मेरे को होना. तब तक करो, क्या करना है."

म्हणजे पाऊस संपून रब्बीचं पाणी सुरू होईपर्यंत. तोवर टिफिनला गिऱ्हाईक मिळालं तर तिचं टेबल राहील, नाहीतर परभणी. हे कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण तिघांनाही ठाऊक होतं. माझा क्लास होताच. अडलं होतं तिचं.

मला याद्या करायची सवय शाळेपासूनची. कामं वाटून घेतली ती मीच. चिपचा बोर्ड आणि वीजपुरवठा माझ्याकडे, दिवे आणि बटणं तिच्याकडे. प्रोग्रॅम मी क्लासच्या कॉम्प्युटरवर दुपारी, मुलं नसताना लिहायचे. बाकी सगळं टेबलावर. तांब्याच्या पत्र्यावर नेलपेंटनं रेषा काढायच्या, कारण मार्कर ॲसिडमध्ये टिकत नसे आणि नेलपेंट टिकायचं. मग फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवायचं. रेषांखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळतं. त्या पाण्यानं बोटं पिवळी तांबूस होत आणि साबणानं जात नसत. मोटार घेऊन आलेल्या एका शेतकऱ्यानं विचारलंच, "पोरींनो, हळद लागली का काय? दोघींचं एकाच मांडवात उरकून राह्यले का?"

"तुमची मोटार आधी उरकू द्या काका," ती म्हणाली. "तिच्या वार्निशला आठवडा लागतो, आमच्या हळदीला टाइम आहे."

दोन बोर्डांमध्ये सारखं अंतर राहावं म्हणून आम्ही बॉलपेनच्या नळ्या कापून टेकू केले. नळ्या सारख्या उंचीच्या कापायला अब्बांचा वाइस, म्हणजे टेबलाला ठोकलेली लोखंडी पकड, लागायचा. ते देत, पण वाइसला नेलपेंट लागलेलं दिसलं की फडक्यानं जोरजोरात घासत बसत. तो त्यांचा राग. पिनांची भोकं हातानं फिरवायच्या ड्रिलनं पाडायची. पिनांची ओळ मी बोर्डाच्या बरोबर मधोमध घेतली होती, म्हणजे चारही कोपरे टेकूंना मोकळे राहतात. दहा पिना. कोणत्या पिनेवर काय, हे मी कागदावर लिहून टेबलामागच्या भिंतीला चिकटवलं. एक नंबरला पाच व्होल्ट, दहा नंबरला ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची वाट, मधल्या आठांवर दिवे, बटणं आणि बझर.

गिऱ्हाईक चालून आलं. मंठ्याचे एक विज्ञान शिक्षक सुट्टीच्या दिवशी छंदवर्ग चालवत. तालुक्यातल्या बऱ्याच शाळांची मुलं त्यात यायची, मराठी शाळेची आणि उर्दू शाळेचीही. सर बँकेच्या कामाला जालन्याला आले की माझ्या क्लासमध्ये डोकावत. मी त्यांना टिफिनबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "मुलांच्या हातात देता येईल असं असेल तर दाखवा. नुसतं बघायचं असेल तर माझ्याकडे टीव्ही आहे."

ते दुकानात यायच्या दिवशी सकाळी आमचे बोर्ड पूर्ण झाले. माझा चिपचा बोर्ड मी वेगळा तपासला होता, चालत होता. तिचा दिव्यांचा तिनं वेगळा तपासला होता, चालत होता. तिनं चहा मागवला. मी तिचा बोर्ड माझ्या बोर्डावर दाबला, सप्लाय लावला.

दिवे लागले नाहीत. वास आला. दिव्यांच्या बोर्डावरच्या छोट्या चिपला मी बोट लावलं आणि चटका बसला.

अब्बांनी वर न बघता विचारलं, "क्या जला?"

"काही नाही," आम्ही दोघी एकदम म्हणालो. त्या दुकानात जळाल्याचा वास लपवणं म्हणजे मिठाईच्या दुकानात साखर लपवणं. अब्बांनी टेबलाच्या आमच्या अर्ध्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा तार गुंडाळायला लागले. ते पाहणं तिला लागलं. मला दिसलं.

सरांना फोन करून पुढच्या खेपेला या म्हणून सांगितलं. मग आम्ही शोधायला बसलो. तांब्याची बाजू आणि वरची बाजू यांत आरशासारखी उलटापालट झाली असेल, असं मला वाटलं. तसं नव्हतं. सोल्डर तपासलं. बरोबर. यादीशी ताडून पाहिलं. माझा बोर्ड यादीप्रमाणे, तिचाही यादीप्रमाणे.

शेवटी ती वैतागून म्हणाली, "एक नंबरवर बोट ठेव बरं."

मी माझ्या बोर्डावर ठेवलं. तिनं तिच्या बोर्डावर ठेवलं. माझं बोट डाव्या टोकाला होतं, तिचं उजव्या.

ती चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेली. घरात अब्बांच्या बिलबुकापासून अम्मीच्या शिलाईच्या मापांपर्यंत सगळं उजवीकडून सुरू व्हायचं. ओळीतला पहिला म्हणजे उजवीकडचा, यात तिला विचार करण्यासारखं काही नव्हतं. जसं मला डावीकडच्यात नव्हतं. तिचे पाच व्होल्ट माझ्या ग्राउंडवर जाऊन बसले होते.

आम्ही खूप हसलो. हसून झाल्यावर भांडलो.

माझं म्हणणं असं, की बाण काढू. प्रत्येक बोर्डावर एका टोकाला बाण, एक कोपरा तिरपा कापलेला, आणि सूचनापत्रात पहिल्याच ओळीत लिहायचं की बाणावर बाण आला पाहिजे. काम संपलं. दहाच्या दहा पिना शाबूत.

ती म्हणाली, "सूचनापत्र कोण वाचतं गं? तू लिहितीस म्हणून तू वाचतीस."

"मुलांना सांगू ना."

"आपल्यासमोर यादी नव्हती का? आपण डिप्लोमावाल्या, जाळून बसलो. पोरं तर उलटं लावणारच. उलटं लावलं की जळलं, मंग पुन्हा कोण हात लावंल?"

"मग काय करायचं?"

तिनं माझी यादी भिंतीवरून काढली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दहा टिंबं काढली. दोन्ही टोकांना ग्राउंड. त्यांच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, पाच व्होल्ट. मग दोन्हीकडे दोन-दोन दिवे. अगदी मधे दोन बटणं. कोणत्याही टोकाकडून मोजा, क्रम तोच. बोर्ड अर्धा फिरवून बसवला तरी वीज विजेवर, दिवा दिव्यावर, बटण बटणावर.

मी मोजलं. "दोन पिना गेल्या. बझर गेला."

"जाऊ दे बझर."

"मुलांना आवाज आवडतो."

"मुलांना जळका वास आवडंल का?"

मला ते लगेच पटलं नाही. एवढ्याशा बोर्डात मी प्रत्येक पिन जपून बसवली होती आणि तीच दोन-दोन वेळा खर्च करत होती. पण टेबल तिचं जाणार होतं, माझं नव्हे. मी नवी यादी लिहिली. बझर त्यातून काढला.

वर्गातल्या गटांना पुरतील एवढे नवे बोर्ड करेपर्यंत हवा पालटली. सकाळी नवीन जालन्यात स्वेटर दिसायला लागले आणि बियाण्यांच्या कंपन्यांसमोर हरभऱ्याच्या पोत्यांची चढ-उतार सुरू झाली. आता कोणत्याही दिवशी मोटारी येणार, हे दिसत होतं. सर काही जालन्याला आले नाहीत, म्हणून आम्हीच रविवारी एसटीनं मंठ्याला गेलो. बोर्ड तिच्या मांडीवर, साडीच्या खोक्यात, कापसाच्या थरांत.

वर्ग शाळेच्या व्हरांड्यात भरला होता. सतरंजीवर मुलं गटागटानं बसली होती. सरांनी प्रत्येक गटाला एक टिफिन दिला आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "काही सांगू नका. जोडू द्या."

मला सांगायचं होतं. तिनं माझा हात दाबून धरला.

मुलांनी बोर्ड एकावर एक दाबले. कुणी सरळ, कुणी उलटे. वास कुठूनच आला नाही. दिवे लागले आणि एकामागून एक पळायला लागले. काही गटांचे डावीकडून उजवीकडे, काहींचे उजवीकडून डावीकडे.

एका मुलीनं शेजारच्या गटाकडे पाहिलं आणि ओरडली, "सर, त्यांचं उलटं पळून राह्यलं."

"तुमचंच उलटं आहे," शेजारून उत्तर आलं.

सरांनी माझ्या मैत्रिणीला विचारलं, "बरोबर कुणाचं?"

"दोन्ही बराबर आहे सर. बोर्ड काढा, फिरवून लावा."

मग तासभर मुलांनी तेच केलं. काढायचं, फिरवायचं, दाबायचं, दिवे कुठल्या बाजूनं धावतील याची पैज लावायची. एका मुलानं मात्र विचारलं, "ह्याच्यात आवाज न्हाई का?" मी तिच्याकडे बघितलं. तिनं दुसरीकडे बघितलं.

निघताना सर म्हणाले, "परीक्षेनंतर सुट्टीचा वर्ग आहे. इतर तालुक्यांतले दोन-तीन शिक्षक मित्रही मागतील. किती करून द्याल?"

तिनं विचारलं, "किती पाहिजेत?" इतक्या सहज, जणू मागे कारखाना आहे.

जालना आलं तेव्हा ऊन उतरत होतं. आम्ही दुकानात शिरलो आणि दोघीही दारातच थांबलो. टेबलाच्या डाव्या अर्ध्यावर दोन मोटारी ठेवलेल्या होत्या, जळालेल्या, चिखलासकट. आमचा ड्रिल, नेलपेंटच्या बाटल्या आणि पेनच्या नळ्या एका तगारीत काढून ठेवल्या होत्या. व्यवस्थित, एकावर एक नाही, शेजारी शेजारी.

अब्बांनी विचारलं, "क्या हुआ उधर?"

"चला अब्बा," ती म्हणाली.

"जला?"

"जला नाही. चला. सर और मंगा रहे."

अब्बांनी हातातली तार खाली ठेवली. थोडा वेळ टेबलाकडे बघितलं, जसं एखादा खोलीत पलंग कुठे मावेल ते बघतो. मग उठले, एक मोटार छातीशी धरून उचलली आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवली. परत येऊन दुसरी. आम्ही मदतीला गेलो तर म्हणाले, "छोडो, कपडे खराब होते."

त्या हंगामात कारागीर ओट्यावर पोतं टाकून बसला आणि रोज कुरकुरला. "चाचा, पोरींना सावली, मला ऊन." अब्बा म्हणायचे, "तेरे को धूप अच्छी है, वार्निश जल्दी सूखता." पुढच्या वर्षी ओट्यावर पत्रे आले. मैत्रीण परभणीला गेली, पण फक्त सणाला.

टिफिन काही वर्षं चांगला चालला. नंतर बाहेरून तयार बोर्ड यायला लागले, आमच्यापेक्षा स्वस्त आणि सुबक. त्यांना एकच बाजू असायची. मुलं उलटे लावायची, जाळायची आणि तिच्याकडे दुरुस्तीला आणायची. तिनं तेही काम घेतलं. आता ते पूर्ण दुकान तीच बघते. मोटारीही, बोर्डही.

मी गेल्या हिवाळ्यात गेले होते. अब्बा थकलेत, पण येऊन बसतात. टेबल तेच आहे. डाव्या अर्ध्याच्या प्लायवर भोकांच्या ओळी आहेत, दहा-दहाच्या, कारण बोर्डाखाली लाकडाचा तुकडा ठेवायचा आम्ही नेहमी विसरायचो आणि ड्रिल आरपार जायचा. मी म्हटलं, "प्लाय बदलून टाक ना आता. किती चाळणी झालीय."

ती म्हणाली, "मीही म्हटलं होतं. अब्बा न्हाई म्हणतात."

अब्बांना ऐकू कमी येतं, पण हे ऐकू आलं. त्यांनी चहाचा कप डाव्या अर्ध्यावरून उचलून आपल्या बाजूला ठेवला आणि म्हणाले, "वो इन्का टेबल है. मैं कौन बदलनेवाला."