चौसष्टात एकशे बारा

आमच्या घरात कॉम्प्युटर येऊन आठच महिने झालेत, पण त्याच्यावरून इतके किस्से साठलेत की माहेरी गेले की चहाआधी तेच काढायला लावतात! मूळ दोष माझ्या लग्नाच्या बायोडेटाचा. आईने त्यात लिहिलं होतं, ‘कॉम्प्युटर उत्तम येतो.’ कोर्सला मी नऊ दिवस गेले होते. त्या ओळीवर भरवसा ठेवून सासऱ्यांनी नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये खास सुनेसाठी कॉम्प्युटर आणला. आता बिंग फुटू न देणं एवढंच माझं काम!

*

बिलावर मेमरी चौसष्ट एमबी. स्क्रीनवर मात्र आकडा, ‘वापरात: एकशे बारा’! मी खुशीत म्हणाले, “बाबा, दुकानदाराने जास्तच दिलीय.”

बाबा, म्हणजे सासरे, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. चष्म्यावरून बघत म्हणाले, “तीस वर्षं दिल्लीत आहे. जास्त दिलेलं अजून पाहिलं नाही.”

*

मग ‘मेमरी कमी पडतेय’ असा मेसेज यायला लागला. मी धडाधड लग्नाचे स्कॅन केलेले फोटो उडवले.

“आकडा किती उतरला?” निखिलने, म्हणजे नवऱ्याने विचारलं.

“अजिबात नाही.”

“आणि फोटो?”

“ते गेले.”

*

सासूबाईंनी कौतुक केल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या भाभीजींचं बोलावणं आलं. “बेटा, हमारावाला बहुत धीरे चलता है.” मी दहा मिनिटं आकड्यांकडे गंभीरपणे पाहिलं, “हम्म” म्हटलं आणि बंद करून चालू केला. पळायला लागला! संध्याकाळी गाजराचा हलवा आला. दुसऱ्या दिवशी आणखी तीन घरांची बोलावणी.

*

शेवटी लायब्ररीतून जाडं पुस्तक आणलं. कळेना, म्हणून बाबांना वाचून दाखवलं. प्रोग्रॅम भरमसाट मेमरी मागतात, कॉम्प्युटर मंजूर करतो, खरी देतो ती लागेल तेव्हा. मावत नाही ते डिस्कवर.

माउसला कधी हात न लावलेले बाबा म्हणाले, “अगं, हे तर आमचं ऑफिस! मंजूर पदं चौदा, हजर चार. टेबलावर न मावलेल्या फायली रेकॉर्ड रूममध्ये, लागेल ती वर मागवायची.”

“म्हणून हळू चालतो?”

“मग! आमचं काय वेगळं आहे?”

*

त्या धीरावर रविवारी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “कोर्स मी नऊच दिवस केला होता.”

बाबांनी पेपरची घडी घातली. “बायोडेटात कॉम्प्युटर, सतार, भरतकाम, स्वयंपाक. मंजूर पदं चार. हजर किती?”

मी बराच विचार केला. “एक. पोहे येतात. बघायला आलात तेव्हा खाल्लेत की!”

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, “ते तुझ्या मावशीने केले होते. निघताना तिनेच सांगितलं मला!”