नऊ मिलिमीटरचा अर्ज

उभ्या जर्मनीत माझ्या साडूंइतका तिरपागडा माणूस शोधून सापडणार नाही, असं मी गेली कितीतरी वर्षं चारचौघांत सांगत आलोय. लोक पोट धरून हसायचे. आता सांगताना जीभ अडखळते, पण सांगतो. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात ब्रेक तपासतात. कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की हा माणूस आधी एक्सेलमध्ये तक्ता मांडणार, एकवीस रकाने भरणार, त्यांना रंग देणार, आणि शेवटी दुकानात जाऊन नेमकी तीच वस्तू उचलणार जिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. बेकरीत संध्याकाळी उरलेला, एका अंगाने करपलेला पाव यांचा. का, तर "कवच जाड आहे, टिकतो." ख्रिसमसचं झाड आणणार चोवीस तारखेच्या दुपारी, एका बाजूला फांद्याच नसलेलं. का, तर "भिंतीला नीट टेकतं." गाडी मोहरीच्या रंगाची, आणि मॉडेल असं की ते बनवायचंही बंद झालेलं. "गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणून तर पार्किंगमध्ये लगेच सापडते." माझं स्थळ सासरी आलं तेव्हा माझी नोकरी सुटलेली, डोक्यावरचे केस निरोप घेत असलेले. घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. एकट्या साडूंनी इथून फोन करून सांगितलं, "मुलगा चांगला आहे, हो म्हणा." हा किस्सा तर मी त्यांच्या विक्षिप्तपणाचा कळस म्हणून सांगायचो, अगदी त्यांच्यासमोर. तेही हसायचे.

अशा माणसाने पन्नाशीला गावातल्या नेमबाजी क्लबात नाव घातलं. घरात कोळी निघाला तर ग्लासात धरून बागेत सोडणारा हा माणूस, दर गुरुवारी कानावर मफ आणि डोळ्यांवर पिवळा चष्मा लावून कागदाच्या गोल ठिपक्यांवर गोळ्या झाडू लागला. नियम पाळण्याची त्यांना इतकी हौस की वर्षभर एकही सराव चुकवला नाही. परीक्षा दिली, तिजोरी आणून भिंतीत बोल्टने घट्ट केली, आणि आत ठेवायला काही नव्हतं म्हणून तोवर तिच्यात ताईंचा गुळाचा डबा ठेवला. वर्ष भरल्यावर स्वतःचं पिस्तूल घेण्यासाठी अर्ज करायचा होता. इथे आधी परवानगी लागते, आणि कुठल्या कॅलिबरचं, म्हणजे किती जाड गोळीचं, हे अर्जातच लिहावं लागतं. एका रविवारी ते सहकुटुंब कोरा अर्ज घेऊन आमच्याकडे आले. "तुमचं जर्मनही चांगलं आणि अक्षरही. तुम्हीच भरा."

मी ऐटीत पेन उघडलं. नाव, पत्ता, जन्मगाव सगळं झालं. कॅलिबरच्या रकान्याशी आल्यावर साडू म्हणाले, "पॉइंट फोर फाइव्ह. जाड गोळीचं, पूर्ण आकाराचं." मला तेवढंच निमित्त हवं होतं. मोबाइलवर शोधलं. निम्मं जग नऊ मिलिमीटर वापरतं. त्याच्या गोळ्या स्वस्त, मिळतात कुठेही, धक्का कमी. मी बायकोला हाक मारली, ताईंना बसवलं आणि खास सूर लावून सांगितलं, "ऐका, यांना इथेही करपलेला पावच हवाय." दोघी हसत सुटल्या. साडू म्हणाले, "आल्झो, हे बघा, तसं नाही. त्याची गोळी सावकाश जाते. धक्का ढकलल्यासारखा बसतो, चापट मारल्यासारखा नाही." त्यावर तर मी उठून ढकलण्याची आणि चापटीची नक्कल करून दाखवली. त्यांची पंधरा वर्षांची मुलगी इतका वेळ फोनमध्ये होती. तिने मान वर करून एवढंच म्हटलं, "पापा, दास इस्ट पाइनलिश." म्हणजे, बाबा, लाज आणता तुम्ही.

साडूंचं हसू मावळलं. त्यांनी कप बशीत ठेवला. आयुष्यात कधी कुणाचं न ऐकणारा माणूस म्हणाला, "बरं. नऊ लिहा." मी टपोऱ्या अक्षरांत नऊ मिलिमीटर लिहिलं आणि आठवडाभर या विजयाच्या गोष्टी सांगत फिरलो.

पुढच्या उन्हाळ्यात क्लबच्या मेळाव्याला आम्ही सगळे गेलो. फळ्यावर स्पर्धेची यादी होती, त्यात पंचेचाळीसच्या, म्हणजे त्याच पॉइंट फोर फाइव्हच्या, वर्गावर तांबडी रेघ मारलेली. मी आपला सहज म्हणून क्लबच्या अध्यक्षबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्या वर्गाला तीन माणसं लागतात, आणि प्रत्येकाच्या नावावर स्वतःचं पिस्तूल लागतं. आमच्याकडे दोघंच उरलेत. हाइनर म्हातारा तर चाळीस वर्षं दुसरं काही चालवत नाही. तुमच्या साडूंना नेमबाजी शिकवली त्यानेच. ते तिसरे होणार होते, हाइनरला शब्द दिला होता. मग का कोण जाणे, नऊ घेतलं." मग म्हणाल्या, "वर्ग बंद झाल्यापासून हाइनर येत नाही."

हातातला सॉसेज मी तसाच बशीत ठेवला. लांब, शेगडीजवळ साडू उभे होते, कुणी न घेतलेला काळपट तुकडा पावात घालत. मी जवळ जाऊन विचारलं, "अहो, मला सांगायचं ना तेव्हाच." ते म्हणाले, "नऊही चांगलंच आहे हो. गोळ्या स्वस्त आहेत." माझंच वाक्य होतं. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी ते माझी समजूत घालायला म्हटलं होतं. मला माझी इतकी लाज वाटली की मी उगीचच बायकोवर पार्किंगच्या तिकिटावरून चिडलो.

घरी आलो आणि नवा अर्ज आणला. दुसऱ्या पिस्तुलासाठी पुन्हा सगळं सव्यापसव्य, पुन्हा दाखले, पुन्हा थांबणं. मी सगळी माहिती काढली, एकेक रकाना भरला आणि कॅलिबरच्या चौकटीत पंचेचाळीस लिहिलं. शनिवारी सकाळी त्यांच्या दारात उभा राहिलो. साडूंनी चष्मा लावला, अर्ज पहिल्या ओळीपासून वाचला, एका जर्मन अक्षरावर माझ्याकडून द्यायचे राहिलेले दोन ठिपके दिले. मग म्हणाले, "हाइनरने गेल्या महिन्यात त्याचं पिस्तूल परवान्याच्या सरकारी कार्यालयात जमा केलं. हात थरथरतो म्हणाला. एकट्याने जायला नको वाटत होतं त्याला, म्हणून मी गेलो बरोबर. येताना केक खाल्ला आम्ही."

माफी मागायची म्हणून गाडीत वाक्यं जुळवत आलो होतो, त्यातलं एकही आठवेना. मी अर्ज परत घ्यायला हात पुढे केला. साडूंनी तो दिला नाही. कपाटातून फाइल काढली, कागदाच्या कडा जुळवल्या, भोकं पाडली आणि आता कुणाच्याही उपयोगाचा नसलेला तो अर्ज आत नीट लावून ठेवला.

"असू दे," ते म्हणाले. "अक्षर छान आहे तुमचं."