दोष निवडायचा दिवस

“तुका खयचो दोष होयो?”

आमचे लीड, म्हणजे टीमचे प्रमुख, हा प्रश्न वर्षातून एकदा, कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर, आमच्यातल्या एकाला विचारायचे. समोर पातळभाजी आणि पाव असायचे, ते त्यांच्या खर्चाने. विचारता विचारता पाव मधोमध मोडायचे आणि अर्धा तुमच्या बशीत ठेवायचे. साडीच्या दुकानात रंग विचारतात तितक्या सहजपणे ते माणसाला दोष विचारत.

आमची कंपनी सल्लागार कंपनी. म्हणजे परदेशातल्या एका विमा कंपनीला तिचेच संगणक कसे चालवायचे ते आम्ही नऊ जण पेडण्याच्या माळावरच्या एका भाड्याच्या इमारतीत बसून सांगायचो. क्लायंटला पाठवलेल्या कागदांवर आमच्यात एकही नवखा नव्हता. मी कामाला लागून दोन वर्षं झाली तेव्हा कागदावर मला सात वर्षांचा अनुभव होता. तुमच्यापैकी जे अशा ठिकाणी राबले असतील त्यांना यात नवल वाटणार नाही.

दर मार्चला पुण्याच्या मुख्य कार्यालयातून फर्मान यायचं. प्रत्येक टीममधल्या एकाला पाच नंबर द्यायचाच. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे टाकाऊ. सगळेच्या सगळे बरे काम करतात, हे कंपनीच्या गणितात बसत नव्हतं. पाच आला की त्या वर्षी बढती नाही, परदेशवारी नाही. लागोपाठ दोनदा आला की घरी.

लीड पार्शाचे. गावच्या देवळातली सेवा त्यांच्या घराण्याकडे पाळीने यायची, एका वर्षी यांच्याकडे, पुढच्या वर्षी दुसऱ्या घराकडे. हाच नियम त्यांनी हापिसात आणला. नऊ माणसं, नऊ पाळ्या. प्रत्येकाने आपल्या वर्षी पाच नंबर मुकाट घ्यायचा आणि आठ वर्षं निर्धास्त राहायचं. लागोपाठ दोनदा कुणाला येण्याचा प्रश्नच नव्हता. “औंदा तुजी पाळी,” ते खांद्यावर हात ठेवून सांगत आणि कँटीनकडे नेत. पुण्याला याचा पत्ता नव्हता. सात वर्षं आमच्या टीममधून कुणालाही काढलं गेलं नाही, आणि पुण्याचे लोक त्यांना उत्तम नेतृत्वाचं प्रशस्तिपत्र देत राहिले.

अडचण एकच होती. पाच नंबर द्यायचा तर फॉर्मवर त्या माणसाचा दोष लिहावा लागे, वर दोन उदाहरणं. म्हणून तो प्रश्न. “वेळेचा नियोजन नाका, तो गेल्या वर्साक दिलो. पुण्याक संशय येतलो,” असं म्हणत ते बोटांवर दोष मोजायचे. आमच्यातली एक मुलगी एकदा म्हणाली, “सर, माझं इंग्रजी कच्चं आहे असं लिहा.” ते घास चावायचे थांबले. “तो खरो दोष. तो नाका. खरो दोष कागदार घालूचो नाय गे बाय.” मग तिच्यासाठी त्यांनी ‘बैठकीत मत मांडत नाही’ असा एक झकास खोटा दोष शोधला. एरवी दोन ओळींची मेल लिहायला त्यांना घाम फुटायचा, पण खोटे दोष लिहिताना त्यांचं इंग्रजी फुलून यायचं. उदाहरणं तर अशी द्यायचे की वाचून आपल्यालाच आपली लाज वाटावी.

ते फार मायाळू होते असं समजू नका. आमच्यातल्या एकाने वर्षभर रविवारसुद्धा न घेता एक मोडकळीला आलेलं काम उभं केलं. क्लायंटने त्याच्या कौतुकाची मेल पाठवली. मार्चमध्ये त्याची पाळी आली. तो हात जोडून म्हणाला, या वर्षी नको. लीड म्हणाले, “तू किती केलंस ता देवाक म्हायत. पाळी म्हणजे पाळी.” त्याने राजीनामा दिला. लीडनी त्याच्या निरोपाचा केक कापला आणि स्वतः दोन तुकडे खाल्ले. मला त्यांचा भयंकर राग आला. नंतर कळलं की राग वेगळ्याच गोष्टीचा होता. तो गेल्यामुळे रांग पुढे सरकली होती, त्याच्या जागी आलेला नवा माणूस शेवटी लागला होता आणि पुढच्या मार्चला माझी पाळी येणार होती.

तो मार्च आला आणि नेमकं त्याच महिन्यात क्लायंटने एक माणूस वर्षभरासाठी तिकडे मागितला. माझं नाव वर होतं. पाच नंबरवाल्याला पाठवत नाहीत. कारापूरच्या आमच्या घरातून तोवर कुणी बेळगावच्या पुढे गेलं नव्हतं, आणि मला जायचंच होतं. मी लीडकडे गेले.

“देवळात पाळी बदलतत,” ते म्हणाले. “पण बदली माणूस तुया हाडूचो. आणि दोगांनी येवन सांगाक होया.”

मी टीमकडे एकवार नजर फिरवली आणि बदली म्हणून मारुतीला निवडलं. मारुती खानापूरकडचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आमचं काम तपासून चुका काढणारा. चुका काढल्यावर माफीसुद्धा तोच मागायचा. त्याला नाही म्हणता येत नाही हे सगळ्या मजल्याला माहीत होतं. खरं कारण सांगितलं असतं तरी तो तयार झाला असता. पण मला खात्री हवी होती, म्हणून मी खोटं सांगितलं. म्हटलं, माझं लग्न ठरतंय, मुलाकडचे नंबर विचारतात, पाच ऐकला तर स्थळ मोडेल. तो लाजला. मीच लाजायला हवं होतं, पण तो लाजला. “एवढंच नव्हं का ताई,” म्हणाला, “घेतो की मी.”

आम्ही दोघं लीडसमोर उभे राहिलो. त्यांनी मारुतीला दोनदा विचारलं, “मनापासून?” तो दोन्ही वेळा हो म्हणाला. मग कँटीन. मारुतीने दोष निवडला, ‘पुढाकार घेत नाही’. न बोलावता रविवारी येऊन बसणारा माणूस तो. लीडनी मन लावून दोन उदाहरणं रचली आणि फॉर्म पाठवून दिला.

तीन आठवड्यांनी मेल आली. नियम बदलला होता. या वर्षी ज्यांना पाच मिळाला आहे त्यांना शुक्रवारी मोकळं करण्यात येईल. लागोपाठ दोन वर्षांची अट काढून टाकली होती.

मारुतीने मेल वाचली आणि आपलं काम पुढे चालू ठेवलं. त्याच्या पडद्यावर त्या दिवशीच्या चुकांची यादी होती, ती त्याने संध्याकाळपर्यंत पूर्ण केली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघवत नव्हतं असं म्हणणं सोपं आहे. खरं तर त्याने माझ्याकडे बघू नये एवढंच मला हवं होतं.

लीडनी पुण्याला फोन लावला. आमच्यासमोरच, उभ्याने, स्पीकर चालू ठेवून. सात वर्षांची पाळीची सगळी गोष्ट त्यांनी सांगून टाकली. हा माणूस वाईट नाही, त्याचा नंबर पाळीचा आहे, दोष मी रचलेला आहे. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, “सर, तुम्हीच दोन उदाहरणं दिली आहेत. तारखांसकट. मग तेव्हाचं खोटं की आताचं?” ते म्हणाले, “तेव्हाचं. टीमला विचारा.” ती म्हणाली, विचारू.

दुसऱ्या दिवशी एकेकाला काचेच्या खोलीत बसवून व्हिडिओवर विचारायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी लीडनी आम्हाला गोळा केलं. “खरा सांगा. आणखी काय नाका. मारुती सांगतलो ता ते धरूचे नाय. पण तुमी आठ जणा एकच सांगतलात तर खोटा कोण म्हणतलो?”

आम्ही माना हलवल्या. त्यानंतर आम्ही आठ जण एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. कट वगैरे काही झाला नाही. कट करायलाही थोडी शरम सोडून एकत्र बसावं लागतं. प्रत्येक जण आपापल्या घरी गेला, आणि पाळी खरी म्हटली तर आपले सात वर्षांचे नंबरही खोटे ठरतील, एवढा हिशेब ज्याने त्याने जेवताना केला.

माझा क्रमांक पाचवा होता. बाईने विचारलं, “तुमच्या टीममध्ये पाच नंबर पाळीने दिला जातो का?” माझं तिकीट ठरायचं होतं. मी म्हटलं, “मला काही माहीत नाही.” ती लिहून घेत होती तोवर मी काचेतून बाहेर बघितलं. लीड आपल्या टेबलाशी बसले होते आणि आत कोण किती वेळ बसतंय ते घड्याळात बघत होते. लवकर बाहेर आलेल्या माणसाने काय सांगितलं असेल ते त्यांना कळत असणार. मी दोन मिनिटांत बाहेर आले.

शुक्रवारी दोन पत्रं आली. एक मारुतीचं. दुसरं लीडचं, खोटे अहवाल दिल्याबद्दल. आपलं पत्र घेऊन ते माझ्या टेबलाशी आले. “वाच गे जरा. चष्मो नाय.” चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता, काडी बाहेर आलेली. मी वाचलं. मध्ये एक वाक्य होतं की टीममधल्या आठ जणांनी स्वतंत्रपणे विचारलं असता अशा कुठल्याही पाळीविषयी काहीही माहीत नसल्याचं सांगितलं. “ता परत वाच,” ते म्हणाले. मी परत वाचलं. आजूबाजूला सात जण टाइप करत होते, काय करत होते देव जाणे. त्यांनी पत्र घेतलं, नीट घडी केली आणि गेले. शिवी दिली असती तर मी त्यांची ऋणी राहिले असते.

मारुती सगळ्यांना भेटून गेला. मला म्हणाला, “ताई, लग्नाला बोलवा की.”

मी तिकडे गेले. बर्फ बघितला. वर्षभराने परत आले तेव्हा रिकाम्या खुर्चीवर मला बसवण्यात आलं. आता मी लीड आहे. आणि या मार्चला नाव मला द्यायचं होतं. पाळी नाही, खोटा दोष नाही. एक खरा दोष आणि एक माणूस, सोमवारपर्यंत. त्यांच्यातल्या प्रत्येकाचं घर मला माहीत आहे. तीन दिवस झोप नव्हती. रविवारी गाडी काढली आणि पार्शाला गेले.

माफी मागायला गेले होते असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मी सल्ला मागायला गेले होते. एवढी वर्षं नाव सांगून वर त्याच माणसासोबत तुम्ही पाव कसा मोडत होतात, हे मला त्यांना विचारायचं होतं. माझ्यासारख्या बाईला याहून जास्त सुचत नाही.

घरामागच्या उतारावर काजूची बाग होती. लीड बनियनवर, गुडघ्यापर्यंत पंचा, वेचलेले बोंडू टोपलीतून ओतत होते. बारीक झाले होते. त्यांची बायको जमिनीवर बसून बोंडवांच्या बिया पिळून वेगळ्या करत होती. तिने कधी मला पाहिलेलं नव्हतं. तिने हात पुसले, उठली, बसायला पाट दिला आणि नवऱ्याला विचारलं, “कोण ओ ही?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख होती, राग होता की नव्हता ते कळलं नाही.

“आमच्या हापिसातली,” ते म्हणाले. “हिका कायच म्हायत नसता.” आणि रिकामी टोपली घेऊन वर झाडांकडे गेले.

बाई बिचारी हसली. तिला ते शब्दशः खरं वाटलं. हापिसातली मुलगी, कुठल्या तरी शहरातली असणार. तिने माझ्या हातावर एक पिकलेला बोंडू ठेवला. “हो बघ बोंडू. आणि ही खाली लटाकता ती बी. ही हातान अशी पिरगाळूची.” तिने करून दाखवलं. “चीक लागता हां, कपड्यांक लावून घेव नको, डाग जायना.” मग बोंडवांचा रस कसा काढतात ते सांगितलं, पेलाभर आणून दिला आणि घसा धरतो म्हणून हळू पी म्हणाली.

आमच्या कारापुरातल्या घरामागे काजूची चाळीस झाडं आहेत. मी चालायला लागल्यापासून बिया पिरगाळल्यात. मी मान हलवत सगळं ऐकलं. मध्ये मध्ये “हो का?” म्हटलं. वरच्या झाडांतून ते वाकून वेचताना दिसत होते. आमचं बोलणं त्यांना तिथपर्यंत ऐकू जात होतं. ते खाली आले नाहीत.

बाईने मला मायेने विचारलं, “तुमच्या गावाक काजी नसतत काय गे?”

“नाही,” मी म्हटलं.