लाकडी घोड्यापलीकडे उभी असताना

ही गोष्ट माझ्या यजमानांना कळली नाही. मुलींना नाही, बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा मी ती बाजूला ठेवत आले. त्याला ठाऊकच असणार, आपण कशाला तोंडाने सांगायचं? तुम्हाला मात्र आज सांगणार आहे. मध्येच विषय बदलायची माझी जुनी सवय आहे, ती आज चालू द्यायची नाही असं ठरवूनच बसले आहे.

सासष्ट-सदुसष्टचा सुमार. मालाडच्या एका शाळेत मी शिक्षिका होते, वय अडतीस. मुलींना कसरती शिकवायला बाईच हवी, असा वरून हुकूम आला. महिनाभराचा वर्ग, शेवटी परीक्षा, आणि जी चांगली करेल तिला शाळेत व्यायामशिक्षिकेची जागा. मोठ्या बाईंनी विचारलं, कोण शिकणार? मी हात वर केला. का केला? दोन बाळंतपणं झालेली, कंबर धरणारी बाई मी! पण समोरच्या दोघी तरुण शिक्षिका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि मग तो हात मला काही खाली घेववेना.

घरी यजमान म्हणाले, "आता काय सर्कशीत जाणार?" मी खोलीत गाद्या अंथरल्या, दार लावलं, त्यांचाच लेंगा घातला आणि कोलांट्या मारायला लागले. पहिल्या दिवशी कपाटावर आपटले. आठव्या दिवशी कोलांटीतून सरळ उठून उभी राहिले. मग भिंतीला पाय टेकवून हातांवर उभं राहायला शिकले. पहिल्यांदा जमलं तेव्हा अख्खी खोली उलटी दिसली आणि मला इतकं हसू आलं, की पडलेच.

हे मी रंगवून सांगतेय ना? हो — कारण इथपर्यंत माझं काहीच चुकलेलं नाही.

दुसरा हात वर आला होता तो कमलचा. ती मनोरीची, कोळ्यांची मुलगी. त्यांच्या घरात शिकून शिक्षिका झालेली ती पहिली. रोज होडीने मार्व्याला यायची, तिथून शाळेत. वय तेहतीस, चार वर्षं नोकरी तात्पुरती. दर जूनला नवा कागद मिळेल की नाही, याची धाकधूक. मी कायम होते. म्हणजे ती जागा मला मिरवायला हवी होती आणि तिला पोटासाठी. हे मला नंतर उमगलं असं नाही. तेव्हाही चांगलं माहीत होतं.

आम्हाला शिकवायला एक सर येत. वर्गातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे लाकडी घोडा. धावत यायचं, त्याच्या पाठीवर हात टेकायचे आणि पलीकडे गादीवर उतरायचं. पलीकडे एकीनं आधाराला उभं राहायचं, उतरणारीचा दंड धरायला. नियम एकच. आधार देणारीनं हात पुढे करून "ये" म्हटलं की धावायचं, त्याआधी नाही. कमलला आधार मी द्यायची, मला कमल.

कमल तिसऱ्या दिवशी पलीकडे गेली. मी पंधरा दिवस घोड्यावर पोटावर आपटत होते. अंगभर काळेनिळे डाग, तरी एक दिवस चुकवला नाही. कमल माझा दंड धरून म्हणायची, "ताई, होणार ना! उद्या होणार बघा." आणि सर मला म्हणायचे, "कमलबाईंकडे बघा जरा." मी बघायची. बघून बघून माझ्या पोटात काय साठत होतं — सांगू? मत्सर. दुसरा शब्द शोधत नाही.

परीक्षेला चार दिवस होते. मी घोड्यापलीकडे उभी राहिले, हात पुढे केले, "ये" म्हटलं. ती धावली. तिचे हात घोड्यावर टेकले, ती वर आली — आणि मी हात मागे घेतले.

ते आपसूक मागे गेले नाहीत. मी घाबरले नव्हते, माझं लक्ष दुसरीकडे नव्हतं. मी ते घेतले.

ती गादीच्या कडेवर पडली, उजवा हात अंगाखाली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सर मैदानाच्या टोकाकडून धावत आले. "काय झालं?" मी म्हणाले, "मी ये म्हटलंच नव्हतं. ती आधीच धावली." कमल मनगट धरून माझ्याकडे बघत होती. रागाने नव्हे, गोंधळून. "म्हटलंत ना, ताई?"

"नाही गं," मी म्हणाले. अगदी मायेने.

सरांनी तिच्या नावापुढे शेरा मारला — सूचना पाळत नाही. हाताला प्लास्टर, परीक्षा गेली. जूनमध्ये तिला नवा कागद मिळाला नाही. मी परीक्षेच्या दिवशी घोडा स्वच्छ ओलांडला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला आनंद झाला. जागा मला मिळाली. पुढे वर्षानुवर्षं मी ती नेटानं सांभाळली आणि कडक शिस्तीची बाई म्हणून नाव कमावलं.

सात-आठ वर्षांनी मुलींची सहल घेऊन मनोरीला गेले. ती तिथलीच आहे हे मी विसरले होते का? नाही. भेटणार नाही असं धरून चालले होते. पण किनाऱ्यावर बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांतून एक जण धावत आली. "ताई!" कमल. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. तिचं उजवं मनगट पुरतं वळत नव्हतं.

मुलींनी विचारलं, ह्या कोण? मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मी पण बाई होते, तुमच्या शाळेत. बाईंनी ये म्हटल्याशिवाय घोड्यावर धावायचं नाही हां. मी घाई केली, माझीच चूक. बघा काय झालं." आणि ते मनगट तिनं मुलींसमोर धरलं. इतक्या वर्षांत तिनं माझं खोटं स्वतःच्या आठवणीच्या जागी बसवून घेतलं होतं.

तेव्हा सांगता आलं असतं. कुणी अडवलं नव्हतं. मी मुलींकडे वळले आणि म्हणाले, "ऐकलंत ना?"

मुली एका सुरात "हो बाई" म्हणाल्या. कमल त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती.