नकाशातली पांढरी जागा

ज्ञानदा परचुरे मूळची वाईची. साताऱ्यातलं एका उपग्रह मोहिमेचं डेटा केंद्र ती सहा वर्षं चालवते. उपग्रह दर बारा दिवसांनी या डोंगरांवरून जातो. त्याच्या रडारला ढगांची अडचण नसते. जमीन किती मिलिमीटर सरकली, हे त्या मापांवरून काढणं हे केंद्राचं काम.

दोन वर्षांपूर्वी तिच्या इशाऱ्यावरून कोयनेकडच्या एका गावानं भर पावसात घरं सोडली होती. डोंगर जागचा हलला नाही. आकडेमोडच चुकली होती. लोक तिला नाही नाही ते बोलले. त्यानंतर तिनं प्रोग्राममध्ये एक चाळणी बसवली. नकाशावरचा एखादा मापाचा बिंदू अचानक फार सरकलेला दिसला, की तो चूक समजून आपोआप वगळला जाई.

गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी तिचा सहकारी धवल तिच्या टेबलाशी आला.

"मॅडम, मेढ्याच्या वरच्या या वाडीपाशी नकाशा पांढरा पडलाय. बिंदूच नाहीत."

"भातात पाणी साचलं असेल. पाण्यावर बिंदू मिळत नाहीत."

"भात खाली आहे. हा वाडीच्या डोक्यावरचा उतार. महिन्यापूर्वी इथे एकशे चौदा बिंदू होते."

ज्ञानदानं चाळणी काढून तोच डेटा पुन्हा चालवला. पांढऱ्या जागी लाल ठिपके उमटले. चोवीस दिवसांत बावन्न मिलिमीटर. मागच्या फेरीतही उतार सरकला होता, आणि चाळणीनं तोही पुसून टाकला होता.

ही पुन्हा चूक असली तर? आणि नसली तर? उपग्रह परत यायला बारा दिवस होते. तिनं वरिष्ठांना फोन केला.

"खात्री असेल तर लेखी द्या," ते म्हणाले, "मागच्या वेळचं आठवतंय ना?"

खात्री नव्हती. तिनं धवलला बरोबर घेतलं आणि जीप काढायला लावली. मेढा सोडल्यावर घाट सुरू झाला. खिडकीतून वर बघायचीही तिला भीती वाटत होती.

वाडीत पहिलं घर नाथाजींचं. फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला माणूस. त्यांची बायको रंगूबाई चहा ठेवायला उठली, तशी ज्ञानदानं विचारलं, "घरात काही बदल जाणवतोय का? भिंतीला, जमिनीला?"

"भिंतीला कायबी न्हाई," रंगूबाई म्हणाली. "पर दार लागंना झालंय. पावसानं फुगलं म्हनून ह्यांनी रंधा मारला. चार दिसांनी परत लागंना."

ज्ञानदा उठून घरामागच्या बांधावर गेली. गवतात एक भेग होती, आडवी, लांबपर्यंत गेलेली. तिनं हात घातला. कोपरापर्यंत आत गेला, तरी तळ लागला नाही.

"नाथाजी, वाडी आजच्या आज खाली करा."

"कोयनेकडं बी एका बाईनं असंच उठवलं हुतं म्हनं."

"ती मीच. तेव्हा चुकले होते."

"आन आज?"

"माहीत नाही. पण मला फार भीती वाटतीय."

नाथाजींनी टोपी घातली आणि ते दारोदार हाका मारत सुटले. "उठा रं! कागदपत्रं, म्हातारी मानसं आन गुरं. बाकी ऱ्हाऊ द्या!" जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून ज्ञानदानं तहसीलदारांना इशारा लिहिला, धवल तो घेऊन मेढ्याला गेला. दिवस मावळायच्या आत एकतीस घरांतली माणसं खालच्या गावातल्या शाळेत आली.

पहिले पाच दिवस काहीच झालं नाही. शाळेतून तक्रारी येऊ लागल्या. ज्ञानदाला अन्न गोड लागेना. डोंगर पडू नये असं वाटे आणि पडला नाही तर काय, असंही वाटे. त्या दुसऱ्या विचाराची तिला स्वतःचीच शिसारी आली. सहाव्या दिवशी दुपारी चार वाजता उतार खाली आला. नऊ घरं गेली, त्यात नाथाजींचंही. माणूस एकही गेला नाही. शाळेसमोर नाथाजींनी तिच्यापुढे हात जोडले, तेव्हा तिनं ते धरून खाली केले. आपल्या चाळणीनं डोंगराचं सरकणं कसं पुसलं होतं, ते तिनं त्यांना तिथंच सांगितलं.

पुढचे तीन आठवडे केंद्रानं तोपर्यंत वगळलेला प्रत्येक बिंदू परत तपासला. अशा आणखी चार जागा निघाल्या. दोन ठिकाणी वस्ती आहे. तिथे आता माणसं जाऊन बघून येतात.

रंगूबाई हल्ली पत्र्याच्या शेडमध्ये राहते. अधूनमधून तिचा फोन येतो.

"बाई, हितली जमीन बरी हाय न्हवं?"

"उपग्रहाच्या गेल्या फेरीपर्यंत तरी हललेली नाही," ज्ञानदा सांगते. घाबरू नका, असं ती म्हणत नाही.