सण न पाळणारी लुसीबाय

आमच्या काशीदच्या रिसॉर्टमध्ये पंचवीस-तीस माणसं कामाला होती. त्यांत ख्रिस्ती एकच, लुसीबाय. आणि नाताळचा तारा टांगायला नेमका तिनेच नकार दिला. मी तेव्हा तिथे हाऊसकीपिंगची सुपरवायझर होते. तारा तिच्या हाती द्यावा, तेवढाच तिचा मान, असं मला वाटलं होतं. तिने तो उचलून पुन्हा माझ्या टेबलावर ठेवला.

"हे मला नको, मॅडम. दुसरं काम द्या."

"अहो, तुमचाच तर सण."

"आमची प्रार्थनेची मंडळी सण पाळत नाहीत. पुस्तकात ती तारीखच नाही. जे लिहिलेलं नाही ते मी करत नाही."

त्या दिवशी तिने एकटीने अकरा खोल्यांची बाथरूमं धुतली. तरी माझा विश्वास बसला नाही. ऐन सीझनमध्ये कुणाची कंबर धरते, कुणाची सासू दवाखान्यात जाते. काम टाळण्याची सगळी कारणं मी ऐकून होते. हे एक नवीन, देवाच्या नावाचं, एवढंच माझ्या मनात आलं.

पन्नाशीची, सडपातळ, क्वचितच हसणारी ही बाई रेवदंड्याहून यायची. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. तिने घातलेली चादर इतकी ताणून बसलेली असे की पाहुणे त्यावर बसायला बिचकत. नव्या मुलींना ती सांगायची, "सुरकुती राहिली की पाहुण्याला कळतं, बाई मनाने घरी होती." बोलणं असं, पटकन टोचणारं. त्यामुळे तिच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं.

दसऱ्याला लाँड्रीतल्या यंत्रांची पूजा असायची. आदल्या दिवशी लुसीबायने ती सगळी यंत्रं उघडून, जाळ्यांतला लोकरीसारखा मळ काढून, लखलखीत पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार मात्र हातात घेतला नाही, की प्रसादाचा पेढाही नाही. शारदा आमच्याकडे सगळ्यात जुनी. ती भडकली. "आमच्या देवाचा विटाळ होतो काय हिला?"

लुसीबाय म्हणाली, "तुझ्या देवाला मी काही बोलले नाही. मी माझ्यापुरतं बघते."

पुढे शारदाने मुलीच्या वाढदिवसाचा केक आणला, तोही तिने खाल्ला नाही. वाढदिवससुद्धा नाही म्हणजे काय, हे मलाही कळेना. शारदाचे डोळे भरून आले होते. लुसीबायला ते दिसलं, तरी तिने हात पुढे केला नाही. तिचा हा कोरडेपणा मला आजही पूर्ण माफ करता येत नाही.

मग कुजबुज सुरू झाली. ही दिवाळीची सुट्टी मागत नाही, नाताळची नाही, मग दर बुधवारी चारच्या ठोक्याला निघते ती कुठे? पिशवी कायम जवळ का ठेवते? पाहुण्यांशी काय बोलते? मी यातलं काही बोलले नाही. पण ऐकायला थांबत होते. तिच्या खोल्यांवरून माझ्या फेऱ्याही वाढल्या होत्या.

तिच्या नोकरीच्या तिसऱ्या हिवाळ्यात एका पाहुण्याने तक्रार केली. टेबलाच्या खणात त्याला ख्रिस्ती धर्मप्रचाराचं एक पत्रक सापडलं होतं, आणि खोली लुसीबायकडची होती. रिसॉर्टच्या मालकांनी, शेठनी, मला बोलावलं. "बघून घ्या काय ते. मला इथे भानगड नको."

ती गच्चीवर चादरी वाळत घालायला गेली, तेव्हा मी तिची पिशवी उघडली. आत डबा, बदलायची साडी, चष्मा आणि पानं सुटायला आलेलं मराठी बायबल. पत्रक एकही नाही. मी पुन्हा चाचपडत होते, तेवढ्यात ती दारात उभी.

ती जवळ आली.

"खालच्या कप्प्यातपण बघा," ती म्हणाली. "चेन अडकते त्याची. थोडी वर उचलून ओढा."

मी नको म्हणत असताना तिनेच चेन ओढून दाखवली. कप्प्यात सुक्या बोंबलांची पुडी होती. मग लुसीबाय पिशवी खांद्याला लावून चादरी घालायला परत गेली.

दोन दिवसांनी उलगडा झाला. त्या खोलीत आधी मुंबईच्या एका चर्चची सहल उतरली होती आणि तसलीच पत्रकं जेवणघरातही निघाली. मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "असेल. पण लोक बोलायला लागलेत. सणाची सगळी कामं करीन असं लिहून घ्या तिच्याकडून." कागद मीच लिहिला. तिच्या बाजूने एक वाक्य बोलता आलं असतं, ते मी बोलले नाही.

लुसीबायने कागद दोनदा वाचला. "सही केली आणि काम केलं नाही, तर मी खोटी ठरेन," ती म्हणाली. "त्यापेक्षा मी जाते." महिनाअखेरपर्यंत ती आली. शेवटच्या दिवशीही चादरीला सुरकुती नव्हती.

वर्षभराने रेवदंड्याच्या बाजारात तिची वहिनी भेटली. मी चौकशी केली आणि जुनी शंका तोंडातून निघालीच. "नाताळचं काम त्या खरंच धर्मासाठी टाळायच्या का?"

वहिनी म्हणाली, "बुधवारच्या प्रार्थनेला जाईल, पण आमच्या घरीपण येत न्हाय ती नाताळाला. बारा वर्षं झाली. सगळं गाव जमतं, तिची भावंडं, भाचरं, सगळी. ती आपल्या घरात दार लावून बसते. सासू माझी, लुसीची आय, रडायची पयले. मग तिनंच वाट काढली. डिसेंबरात एक साधा दिवस धरायची, सण न्हाय, काय न्हाय, आणि लुसीसाठी करंज्या करायची. त्या दिवशी यायची ती, पोटभर खायची. आता सासू न्हाय. मला कुठं जमतंय."

मी घरी आले ते हे घेऊन. त्या आईला धर्मातलं काही कळत असेल असं नाही. मुलगी खोटं बोलत नाही, एवढं तिला ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर तिने काम भागवलं. माझ्यापुढे तीच बाई तीन वर्षं होती.

त्या डिसेंबरात मी कॅलेंडर घेऊन बसले. मार्गशीर्षातले गुरुवार, दत्तजयंती, चतुर्थी, एकादशी टाळून, कुणाचंच काही नसलेला एक मंगळवार निघाला. ओल्या नारळाच्या करंज्या केल्या आणि डबा घेऊन रेवदंड्याला गेले.

लुसीबायने दार अर्धंच उघडलं. माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत संशय स्पष्ट दिसत होता, आणि तो माझा हक्काचा होता.

"आज काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "मंगळवार आहे."

ती दारातून बाजूला झाली.