दुहेरी शिलाईची निळी चड्डी

लोकांच्या हातून चुका होतात. माझी मी मशीनवर बसून शिवली, पायडल मारत, आणि कुठे उसवू नये म्हणून वर दुहेरी शिलाई घातली. इतकी मन लावून केलेली चूक मी दुसऱ्या कुणाची पाहिलेली नाही.

माझी नात धावायला जाते. तिचे कपडे रबरासारखे ताणतात. नवीन आणले की मी ते आधी उलटे करते आणि मांडीच्या आतली शिवण बोटाने चाचपते. "आजी, तू काय तपासनीस आहेस का?" ती विचारते. मी म्हणते, "हो." कसली तपासणी, ते तिला कधी सांगितलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकरोडच्या कामगार वसाहतीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. सासरे, नवरा, मी आणि धाकटी नणंद, एवढी माणसं. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. मी पंचविशीची होते. शिवणक्लासचं सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत लावलं होतं, आणि माझं स्वतःबद्दलचं मत त्याहून मोठ्या चौकटीत.

नणंद एकोणीस वर्षांची. हडकुळी, लांब पायांची, आणि चालताना कुणाच्या मागे राहणं तिला जमतच नसे. पहाटे देवळाली कॅम्पच्या रस्त्याने जवानांच्या तुकड्या धावत, त्यांच्या मागे थोडं अंतर ठेवून ही धावायची. एकदा एका सुभेदाराने मागे वळून विचारलं, "बेटी, कौन सी पलटन?" ही म्हणाली, "फिटर पलटन." सासरे आणि नवरा दोघेही फिटर. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा सासरे चहा पिता पिता ठसकले होते.

कोकणातल्या एका समुद्रकाठच्या गावात दर जानेवारीत एकवीस किलोमीटरची शर्यत असे. तिच्या कॉलेजच्या खेळाच्या बाई तिला तिथे घेऊन गेल्या आणि ती बायकांमध्ये चौथी आली. घरात आनंद झाला तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. फोटोत पाय होते, तिचे, मांडीपासून खाली. वसाहतीच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने कौतुकाने तो कापून आरशाच्या बाजूला चिकटवला.

सासरे दाढी करायला गेले आणि अर्धी दाढी तशीच ठेवून परत आले. एका गालावर साबण.

"सूनबाई," ते मला म्हणाले, "माझी पोरगी सलूनात टांगलीय."

झालं. पळणं बंद. त्यांनी आरडाओरड केली नाही, मारलं तर कधीच नाही. फक्त निफाडकडचं एक स्थळ होतं, द्राक्षांची बाग असलेलं, त्यांना पत्र टाकलं.

दिवाळीनंतर तिच्या बाई घरी आल्या, स्थळाचं अजून बोलणंच चालू होतं. त्यांनी सांगितलं, एका कारखान्यात मुलींचा धावण्याचा संघ होतोय, येत्या जानेवारीच्या शर्यतीत पहिल्या तीनात आली तर नोकरीसकट घेतील. साहेबांशी बोलणं झालं आहे. सासरे ऐकून घेत होते. नणंद चुलीपाशी भिंतीला टेकून उभी होती. तिने ओढणीच्या टोकाला गाठ मारली, सोडली, मारली, सोडली.

बाई गेल्यावर मी मध्ये पडले. आता लिहिताना हसू येतं, वकिली करायची मला केवढी हौस. "मामा," मी सासऱ्यांना म्हणाले, "गुडघा झाकला तर चालेल ना? मी शिवते. आणि या वेळी मी बरोबर जाते. पहिल्या तीनात आली नाही, तर ती स्वतः निफाडच्या लोकांसमोर पोहे घेऊन जाईल."

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "एकदाच."

तिचं आयुष्य मी असं चार वाक्यांत सौद्याला लावलं, आणि त्या रात्री स्वतःवर इतकी खूश होते की भाजीत दोनदा मीठ घातलं.

नवऱ्याला कारखान्यातून वर्षाला कपड्यासाठी निळं जाड कापड मिळायचं. त्यातलं उरलेलं घेतलं. गुडघ्याखाली चार बोटं येईल अशी चड्डी बेतली. आमच्या शिवणबाई म्हणायच्या, शिलाई अशी हवी की कापड फाटेल पण शिवण सुटणार नाही. मी आतली शिवण दुमडून पुन्हा शिवली. मांडीच्या मधोमध दोरीसारखी जाड कड तयार झाली. मला ती फार सुंदर वाटली.

नणंदेने चार दिवस घालून बघितली. "वहिनी, मांडीला टोचतं गं."

"धुतली की मऊ होईल."

"दोनदा धुतली."

"तिसऱ्यांदा धू."

पण डिसेंबरच्या आमच्या थंडीत घाम येतो कुठे. थोडं लाल व्हायचं, संध्याकाळपर्यंत जायचं. तरी आम्ही दोघींनी कट केला. निघताना मामांना निळी दाखवायची, पिशवीत जुनी, आखूड, काळी ठेवायची, आणि तिकडे पोचल्यावर ती घालायची. "समुद्राला काय कळतंय," मी म्हणाले. ती इतकी हसली की तोंडावर हात ठेवून मोरीत जाऊन बसली.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी पिशवी भरत होते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबं, साखर, मीठ, टॉवेल. काळी चड्डी हातात घेतली आणि थांबले.

आता मी काय सांगते ते नीट वाचा, कारण मला पुन्हा सांगणं जमणार नाही. मला वाटलं, या वर्षीही फोटो येईल. पेपरात येईल, सलूनात लागेल, आणि सगळी वसाहत बघेल की फिटरच्या सुनेने काय शिवलंय. आणि तिने काळी घातली आणि फोटो आला, तर मामा मला विचारतील. या दोन गोष्टी. एक मिरवायची आणि एक भित्री. तिच्या पायांचा विचार त्यात कुठेच नव्हता. मी काळी चड्डी ट्रंकेत, माझ्या लग्नातल्या शालूखाली ठेवली आणि झाकण लावलं. मग पिशवीत एक दशमी जास्त घातली. पापाच्या जागी दशमी.

एसटी बदलत बदलत आम्ही संध्याकाळी तिकडे पोचलो. मुलींची सोय एका शाळेच्या वर्गात होती. मी समुद्र पहिल्यांदाच बघत होते. तो मला फार ओला वाटला. हवासुद्धा ओली, अंगावर लुगडं चिकटत होतं, जानेवारीत.

पहाटे उठल्यावर तिने पिशवी उघडली. सगळं बाहेर काढलं. टॉवेल झटकला. मग माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, जुनी कुठंय?"

"अगं बाई. राहिली वाटतं घरी."

ती तशीच बघत राहिली, एखादा श्वास. बाजूच्या मुली केस बांधत होत्या. मी लिंबं मोजायला लागले, पाचच होती.

"असू दे," ती म्हणाली आणि निळी घातली.

माझं काम होतं रस्त्यावर होड्या ओढून ठेवलेल्या जागी लिंबूपाणी घेऊन उभं राहायचं. मुली तिथूनच जायच्या आणि पुढे वळून तिथूनच परत यायच्या. जाताना ती दुसरी होती. दुसरी. माझ्या हातातली बाटली न घेताच गेली, फक्त मान हलवली. सुकत घातलेल्या मासळीपाशी बसलेल्या एका कोळणीला मी म्हणाले, "ती माझी नणंद. चड्डी मी शिवली." हे मी खरंच म्हणाले. त्या बाईने चड्डीकडे बघितलं आणि म्हणाली, "जाड हाय."

परत येताना पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. मग ती दिसली. तिचे पाय तिचे वाटत नव्हते. फाकवून टाकत होती, लहान बाळ चालायला लागतं तसे. निळं कापड घामाने काळं झालं होतं, आणि खाली पोटऱ्यांवरून लाल ओघळ मोज्यांत उतरत होते. मी बाटली घेऊन धावले. तिने एक घोट घेतला.

"पुढं किती?"

"तीनच आहेत गं. थांबतेस का?"

ती थांबली नाही. त्यानंतर आणखी एक मुलगी तिच्या पुढे गेली, ते मला मागून दिसत राहिलं. मी पळत होते, लुगडं धरून, चपला हातात घेऊन, आणि मला तिला गाठता येत नव्हतं. तशा पायांनीही तिला मी गाठू शकले नाही.

ती पाचवी आली.

शाळेच्या नळावर मी तिची चड्डी काढली. शिवण कातडीला चिकटली होती. पाणी टाकून टाकून सोडवावी लागली. ती नळाची तोटी धरून उभी होती आणि ओठ आत ओढले होते. मी रडत होते, ती नाही. शेवटी तीच म्हणाली, "वहिनी, हळू. तू पडशील." ओल्या फरशीवर माझेच पाय घसरत होते.

फोटो आला पहिल्या तिघींचा.

घरी मामांनी विचारलं, "झालं पळून?" ती म्हणाली, "झालं." त्यांनी तिच्या चालण्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी न सांगता मलमाची डबी आणून फळीवर ठेवली. मे महिन्यात लग्न झालं. पोहे तिने स्वतः नेले, मी बोलले होते तसे.

माणसं चांगली होती, हे सांगायला हवं. नवरा साधा, सासू कडक पण अन्नाला कमी न करणारी. मी वर्षा-दोन वर्षांनी जायची. ती साडीचा ओचा खोचून बागेत कामाला असायची. बाया ओळीने घरी निघाल्या की ती नेहमी पुढे, मग लक्षात आलं की थांबायची, त्यांना येऊ द्यायची, पुन्हा पुढे. धावताना मी तिला परत पाहिलं नाही. एकदा शेळी सुटली तेव्हा सगळे तिच्या मागे पळाले आणि नणंद मात्र जागेवर उभी राहिली. तिच्या मुलीने विचारलं, "आई, तू का नाय पळाली?" ती म्हणाली, "मला नाय येत."

त्या दिवशी मी सांगायचं ठरवलं. आठेक वर्षं झाली होती. आम्ही दोघी मांडवाखाली बसून घडातले बारके मणी कात्रीने काढत होतो. मी घडाकडे बघत बोलले. जुनी चड्डी विसरली नव्हती. मीच ठेवली होती, ट्रंकेत. शालूखाली. का ठेवली तेही सांगितलं, सलूनातल्या फोटोसकट. तिची कात्री चालूच होती. घड संपवून तिने तो सोडला, पुढचा हातात घेतला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली:

"ठेवताना बघितलं होतं मी तुला. दारातच होते. वाटलं, निघायच्या आत तूच परत काढशील."